नागोरावांचा पाय

"पाय आखडू नका. आखडला की जास्त दुखतं."

"दुखत नाही बाई. तुमचे हात थंडे हायेत."

शलोमीबाईंनी मान वर केली नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नागोराव बसले होते आणि समोरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर त्यांचा उजवा पाय होता. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, रुपयाएवढी जखम. तीन आठवड्यांपूर्वी ती तळहाताएवढी होती. आता कडेनं गुलाबी कातडी धरायला लागली होती. शलोमीबाईंनी गॉजचा तुकडा ओला करून जखमेवर अलगद ठेवला.

"साखर तपासली का या आठवड्यात?"

"चहा बिनसाखरेचा पेतो. आनखी काय तपासाचं?"

वरून चपलांचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरची अपेक्षा ओले केस झटकत उतरली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात अर्धा टोस्ट. धायरी फाट्यावर हिंजवडीची बस तिच्यासाठी थांबत नसे.

"आंटी, यू आर सिंपली ग्रेट हां! मला तर बघवतच नाही," ती म्हणाली आणि न बघता गेटाबाहेर पडली.

"पोरगी चांगली हाय," नागोराव म्हणाले. "पळते फार."

शलोमीबाईंना हसू आलं. ही सकाळची अर्धी घटका त्यांना हल्ली दिवसभर पुरत असे.

शलोमी पाटोळे यांनी चौतीस वर्षं कॅम्पातल्या एका मिशन इस्पितळात नर्सचं काम केलं. शेवटची अकरा वर्षं धर्मादाय वॉर्ड त्यांच्याकडे होता. आईवडील, धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचा संसार, यात स्वतःचं लग्न राहून गेलं. आता त्यांपैकी कोणीही उरलं नव्हतं. निवृत्तीच्या आधी काही वर्षं, धायरी अजून खेडंच होतं तेव्हा, फंडातून पैसे काढून त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. तेव्हा खिडकीसमोर ज्वारीचं रान होतं. आता तिथं पाच-पाच मजल्यांच्या इमारती होत्या, आणि फ्लॅट विकायचा आहे का, अशी चिठ्ठी आठवड्यातून एकदा तरी दाराखालून आत सरकत असे.

वॉर्डात चाळीस खाटा होत्या. कुठून ना कुठून "सिस्टर" अशी हाक येतच असे. निवृत्त झाल्यावर ती हाक बंद झाली. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग टीव्हीचा आवाज मोठा राहू लागला. राँग नंबर आला तरी शलोमीबाई दोन वाक्यं जास्त बोलत. रविवारी चर्च सुटल्यावर "सलाम, सिस्टर", "सलाम" असं व्हायचं, आणि पुढच्या रविवारपर्यंत भाजीवाल्याशिवाय कोणाशी बोलणं नसायचं.

नागोराव या सोसायटीचे वॉचमन. वाशीमकडचे. बायको गेल्यावर पोटासाठी पुण्यात आले आणि जिन्याखालच्या पत्र्याच्या खोलीत राहू लागले. शलोमीबाई येता-जाता ते उठून उभे राहत, त्या मान हलवत. चौदा महिने एवढाच संबंध होता. मग एका सकाळी जिना उतरताना शलोमीबाईंना वास आला. चौतीस वर्षांच्या ओळखीचा वास होता तो. त्या थबकल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "पँट वर करा बघू."

तेव्हापासून रोज साडेआठला ड्रेसिंग. सोबत डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. खरं तर पंधरा दिवसांनंतर जखम एक दिवसाआड बांधली असती तरी चाललं असतं. शलोमीबाईंना ते ठाऊक होतं. त्या रोज बांधत राहिल्या.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी श्रीनिवास रास्ते हातात कागद घेऊन उभे होते.

"सोमवारपासून सिक्युरिटी एजन्सीची माणसं येतील. युनिफॉर्म, वॉकीटॉकी, तीन शिफ्ट. आपले हे नागोराव, चांगलेच आहेत, पण चोर आला तर ते त्याला आधी पाय दाखवतील."

लोक हसले. शलोमीबाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या. "अहो, त्यांची जखम भरत आलीये. अजून महिनाभर त्यांना राहू द्या. आत्ता बाहेर पडले, धूळ-पाणी लागलं तर सगळं वाया जाईल."

"अवश्य राहू द्या की, सिस्टर," श्रीनिवास म्हणाले. "तुमच्या हॉलमध्ये ठेवा. सोसायटीची काहीही हरकत नाही."

पुन्हा हशा झाला. हॉल शलोमीबाईंच्या डोळ्यांसमोर आला. धुतलेले पडदे, वर्षभरापूर्वी घेतलेला सोफा, आणि एकट्या बाईच्या घरात एक परका पुरुष. लोक काय म्हणतील हेही आलंच. त्या खाली बसल्या. सोमवारला अजून एक दिवस आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

रविवारी चर्चमध्ये उपासनेच्या सुरुवातीलाच चर्चचे सेक्रेटरी दीनानाथ साळवे त्यांच्या बाकापाशी वाकले. "सिस्टर, ते तुमच्या वॉचमनचं कानावर आलंय. आज सगळ्यांसमोर साक्ष द्या ना. तरुण मंडळींना ऐकू द्या."

शलोमीबाई कधी माइकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. पांढऱ्या साडीचा पदर सावरत त्या पुढे गेल्या. त्यांनी वासाचं सांगितलं, जखमेचं सांगितलं, पोळ्यांचंही सांगितलं. मीटिंगचं सांगितलं नाही. "आमेन," बाक म्हणाले. परत जागेवर येताना त्यांना आपली कानशिलं गरम लागली. इतकी माणसं एकाच वेळी आपल्याकडे बघताहेत, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग पाळकसाहेबांनी प्रवचनाला येशूनं सांगितलेला तो दाखला घेतला. एक श्रीमंत माणूस, आणि त्याच्या दाराशी पडलेला, अंगभर फोड असलेला एक गरीब.

"त्या श्रीमंतानं गरिबाला मारलं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "हाकललं नाही. शिवीही दिली नाही. कदाचित ताटातलं उरलेलं दिलंही असेल. पण तो माणूस दाराबाहेरच राहिला आणि मरेपर्यंत दार काही उघडलं नाही. एवढाच काय तो गुन्हा."

शलोमीबाईंनी हा दाखला लहानपणापासून ऐकला होता. मिशनच्या चाळीत, परदेशातून गाठोड्यात आलेले कुणाचे तरी जुने फ्रॉक घालून ऐकला होता. ऐकताना त्या मनानं नेहमी दाराबाहेर असत. प्रार्थनेत 'गरिबांसाठी' म्हटलं की आपल्यासाठीही कोणी मागतंय असं त्यांना वाटे. आज पहिल्यांदा त्यांना ते घर आतून दिसलं. आत सोफा होता, त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

त्याच क्षणी उठायला हवं होतं. पण उपासना संपली आणि चहा आला. दीनानाथ म्हणाले, "समाजसेवा समितीत तुम्ही हव्यातच." मगरपट्ट्यात नोकरी करणाऱ्या एका जोडप्यानं हात हातात घेतले. त्या वॉचमनसाठी म्हणून कोणी तरी पाकीट फिरवलं, ते भरून त्यांच्या हातात आलं. कुणीतरी दुसरा कप दिला. शलोमीबाई थांबल्या. प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगत थांबल्या. धायरीला पोचल्या तेव्हा दोन वाजून गेले होते.

जिन्याखालची खोली झाडून काढलेली होती. आत दोन निळे शर्ट खिळ्याला टांगले होते.

अपेक्षा खालीच कोणाची तरी वाट बघत उभी होती. "आंटी, ते एजन्सीवाले आजच आले. रास्ते काका म्हणाले, एक दिवसानं काय फरक पडतो. नागोराव गेले. शिवाजीनगर स्टँडवरून साडेचारची वाशीम गाडी आहे म्हणाले. हा तुमचा डबा." डबा घासलेला होता. "मी म्हटलं, आंटींना भेटून जा. तर म्हणाले, त्या प्रार्थनेला गेल्यात, कशाला घाई लावायची."

शलोमीबाई वर गेल्या, ड्रेसिंगची पिशवी घेतली आणि कपडे न बदलता रिक्षात बसल्या.

नागोराव स्टँडच्या टोकाच्या बाकावर बसले होते. शेजारी एक वळकटी आणि दोरीनं बांधलेली पत्र्याची पेटी. शलोमीबाईंना पाहून ते नेहमीसारखे उठायला लागले.

"बसा. बसा म्हणते ना. अहो, मला सांगून तरी जायचं!"

"जाऊ द्या ना बाई. उद्या जायाचं ते आज."

शलोमीबाईंनी पाकीट पुढे केलं. "हे चर्चमधल्या लोकांनी दिलंय तुमच्यासाठी."

नागोरावांनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि बंडीत ठेवलं. "बरं झालं. जावयापुढं हात नाही पसरावं लागनार."

"पैशाचं राहू द्या," शलोमीबाई म्हणाल्या. दम लागला होता. "तुम्ही परत चला. माझ्याकडे राहा. हॉल रिकामाच असतो. पाय बरा होईपर्यंत म्हणा, नाहीतर... पुढचं पुढं बघू."

नागोराव समोरच्या रिकाम्या फलाटाकडे पाहत म्हणाले, "काल रास्तेसायबानं हेच म्हटलं होतं न? मी खालच्या टाकीपाशी होतो. मोटर बंद कराले आलतो."

शलोमीबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले. "ते थट्टा करत होते."

"थट्टाच केली त्याहीनं. पन तुमी बी काही बोलल्या नाही."

एक गाडी फलाटाला लागली, माणसं धावली, गाडी निघून गेली. वाशीमची नव्हती.

"जिना चढायला तुम्हाला त्रास झाला असता," शलोमीबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून मीच खाली..."

"बाई, गच्चीवरच्या टाकीचा नळ पाहाले मी रोज वर जात होतो. तुमच्या दारावरूनच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. बस किती वाजता सुटते हे सांगावं तसं ते सांगत होते. "तुमी पाय धुतला. पोटच्यानं नसता धुतला असा धुतला. ते मी इसरनार नाही. पन वर या म्हनायले तुमाले आजचा दिवस लागला. आता लेकीनं बोलावलं हाय. तिचं घर लहान हाय. मायासाठी तिनं भिंतीकडची जागा मोकळी केली म्हने."

शलोमीबाईंना वॉर्डातले कितीतरी चेहरे आठवले. त्यांचे पाय, पाठी, शिरा त्यांना पाठ होत्या. पण त्यांतलं एकही माणूस कधी त्यांच्या घरी पाणी प्यायलं नव्हतं, आणि आजवर ही गोष्ट त्यांच्या लक्षातही आली नव्हती.

"आज ड्रेसिंग राहिलंय," त्या म्हणाल्या.

"राहू द्या. इथं मानसं हायेत."

"असू द्या." त्या फलाटाच्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. पांढऱ्या साडीला काळं लागलं. जुनी पट्टी सोडून त्यांनी जखम धुतली आणि मग हात मागे घेतले. "पुढचं तुम्ही करा. तिकडे तुम्हालाच करायचंय. मी बघते."

नागोरावांची बोटं जाड होती. गॉज दोनदा खाली पडला. तिसरा त्यांनी नीट बसवला, पण पट्टी गुंडाळताना ती सैल पडू लागली. शलोमीबाईंचे हात आपोआप पुढे आले. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले.

"वरून खाली नाही, खालून वर. हां. गाठ जखमेवर नको, बाजूला."

"अशी?"

"अजून थोडी बाजूला. आता बरोबर."

गाठ ओबडधोबड होती, पण पक्की होती. नागोरावांनी पाय खाली टेकवून बघितला. शलोमीबाईंनी उरलेलं सगळं गॉज, बँडेज आणि मलम त्यांच्या वळकटीत खोचलं. गाडी लागली. कंडक्टरनं पेटी वर घेतली. नागोराव दांडीला धरून, डावा पाय आधी टाकत चढले आणि खिडकीशी बसले.

"बाई, पान्यात मीठ किती टाकाचं?"

"पेलाभर पाण्यात पाव चमचा. पाणी आधी उकळून गार करायचं."

"पाव चमचा," त्यांनी पाठ केलं. गाडी मागे सरली, वळली आणि स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली.

शलोमीबाईंना लगेच उठता येईना. गुडघे धरले होते. बाकाचा आधार घेऊन त्या उठल्या, साडी झटकली, डाग गेला नाही. स्वारगेटला बस बदलून, बराच वेळ उभ्यानं प्रवास करून त्या धायरीला उतरल्या तेव्हा दिवे लागत होते.

गेटाशी निळ्या शर्टातला एक नवा माणूस खुर्ची टाकून बसला होता. तो चटकन उठला, सलाम ठोकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही व तिला दोरीनं बांधलेलं पेन पुढे केलं.

"मॅडम, नाव लिहा. कोणाकडे जायचंय?"

शलोमीबाईंनी वही हलकेच मिटली.

"कोणाकडे नाही," त्या म्हणाल्या. "मी इथंच राहते."