गुणाजीचा डावा हात

मी एक जुना मृदुंग आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करतो की माझ्यामुळे एका भल्या माणसाने आपली कला तीन वर्षं खुंटीला टांगून ठेवली. त्या चुकीत माझ्याबरोबर आणखी एकजण होतं. पण दुसऱ्याकडे बोट दाखवून आपलं पाप फिटत नाही, म्हणून पहिलं नाव माझंच सांगतो.

माझा जन्म कुडाळजवळच्या एका खेड्यातला. फणसाचं खोड आतून कोरून माझं अंग केलं आणि दोन्ही तोंडांवर कातडं ताणून बसवलं. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची असते. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते आणि वाजवून झालं की ती खरवडून काढावी लागते. त्या कणकेमुळेच माझा डावा आवाज घुमतो. लोकांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, मृदुंग म्हणजे दोन्हीकडून बडवायचं लाकूड.

एस.टी.च्या टपावर बांधून मला मुंबईला आणलं. जोगेश्वरी पूर्वेच्या एका चाळीत कोकणातल्या मंडळींचं भजन मंडळ होतं. बाळाबुवा गायचे आणि दत्ताराम मला वाजवायचा. काय त्याचा वेग होता म्हणून सांगू! बोटं दिसायची नाहीत. टाळ्या पडायच्या, आणि मी खोटं बोलणार नाही, मलाही चढायची. पण बुवा गात असताना दत्तारामचं लक्ष बुवांकडे नसायचं, पहिल्या रांगेत कोण बसलंय तिकडे असायचं. अभंगाची ओळ पुरी व्हायच्या आत हा आपलं कसब दाखवून मोकळा. पुढे त्याला नाशकात नोकरी लागली आणि मी गुणाजीच्या घरी आलो.

गुणाजी आरे कॉलनीतल्या डेअरीत दुधाच्या बाटल्यांच्या क्रेट गाडीवर चढवायचा. पहाटे जायचा, दुपारी बसने परत यायचा. हात असे राठ की मला वाटलं, आता आपलं कातडं काही टिकत नाही. पण तो वाजवायला बसला आणि मी गप्पच झालो. गुणाजी कमी वाजवायचा. बुवांनी एखादा शब्द लांबवला की तो हात उचलून तसाच धरायचा. सगळा मांडव त्या उचललेल्या हाताकडे बघत राहायचा, आणि मग शब्द जिथे टेकेल नेमकी तिथे त्याची डाव्या हाताची एकच थाप पडायची. बाळाबुवांना दमा होता. श्वास अपुरा पडला की गुणाजी मधली जागा अशी भरून काढायचा की श्वास तुटला हे बुवांच्या बायकोलासुद्धा कळू नये. मला बरेच हात लागले, मित्रांनो, पण थोर वादक मी त्यालाच म्हणतो. हात चालवणं कुणालाही शिकवता येतं. तो कधी आवरायचा, हे दुसऱ्याचं गाणं मनापासून ऐकणाऱ्यालाच कळतं.

गुणाजीची बायको विमला. माझी कणीक दर वेळी तीच मळायची, ना सैल ना घट्ट. पण मंडळाचा दंडक असा की बायकांनी मृदुंगाला शिवायचं नाही. ती डब्याच्या झाकणावर कणकेचा गोळा ठेवून लांबूनच पुढे सरकवायची. पंधरा वर्षं तिने गुणाजीचं वाजवणं भिंतीला टेकून ऐकलं. भाकरी थापता थापता तिची बोटं परातीच्या काठावर ताल धरायची. ते एकट्या मलाच दिसायचं.

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत दहिसरला सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा होती आणि संध्याकाळी आमची डबलबारी. म्हणजे दोन भजन मंडळं समोरासमोर बसतात, आलटून पालटून गातात आणि सरस कोण ते लोक ठरवतात. गुणाजी कामावरून यायचा होता. दुपारी विमलाने कणीक मळली. घरात कुणी नव्हतं. तिने दाराला कडी घातली, माझी कापडी गवसणी काढली आणि कणीक माझ्या डाव्या तोंडावर स्वतः थापली.

पहिली थाप तिने चोरट्यासारखी मारली. दुसरी नीट पडली. मग ती गुणगुणत गुणाजीचं वाजवणं वाजवायला लागली. बोटं कच्ची होती, पण हात आवरायच्या जागा एकूण एक बरोबर. मी तिला साथ दिली, मनापासून दिली. मंडळाचा दंडक मला ठाऊक नव्हता असं नाही.

इतक्यात शेजारच्या द्रौपदीने दार वाजवलं, "विमल, दार कशाक गो लावलंस?" विमलाची पाचावर धारण बसली. तिने कणीक भराभर ओरबाडली. थोडी चिकटून राहिली, तेव्हा पाण्याने निथळणारं फडकं घेऊन तिने माझं डावं तोंड खसाखसा पुसलं आणि तसंच ओलं गवसणीत कोंबलं. ओलं कातडं वारा न लागता दडपून ठेवलं की ते सैल पडतं. कणीक मळणाऱ्या बाईला हे कोण सांगणार?

दहिसरला गुणाजीने डावी थाप मारली आणि भिजक्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. त्याने कणीक कमी केली, मग वाढवली. हातोडीने ठोकून पाहिलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण आवाज काही उठेना. समोरच्या बुवाने माईकवरून विचारलं, "काय बुवानू, तुमच्या मृदुंगाक पडसा झाला काय?" मांडव हसला. बाळाबुवांचा श्वास दोनदा उघडा पडला आणि त्या दिवशी तो भरून काढायला कुणी नव्हतं. आम्ही हरलो.

गुणाजीने मला एका शब्दाने दोष दिला नाही, याचंच मला जास्त लागतं. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत बसला. महिनाभरापूर्वी डेअरीत त्या हातावर क्रेट पडली होती. घरी येऊन तो म्हणाला, "विमल, माझो डावो हात मेलो गो. क्रेट पडली तेव्हाच मेलो असतलो, माकाच कळाक नाय."

विमलाने तोंड उघडलं. आता ती सांगेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "जेवून घेवा."

आणि ऐका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी सुकलो होतो. माझा आवाज पहिल्यासारखा झाला होता. कुणी एक थाप मारून पाहिली असती तर सगळा उलगडा झाला असता. पण गुणाजीने मला खुंटीला लावलं आणि मंडळाला सांगून टाकलं की आता आपल्याच्याने होणार नाही.

तीन वर्षं मी त्या भिंतीवरून बघत होतो. विमला रोज त्याच्या डाव्या हाताला खोबरेल चोळायची. धडधाकट हाताला, मित्रांनो. चोळता चोळता एखादे दिवशी थांबायची, त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. सांगावं तर चाळभर बोभाटा होणार, बाईने मृदुंग बाटवला म्हणून मंडळ गुणाजीलाच वाळीत टाकणार. पहिल्या आठवड्यात तिला ही भीती होती. नंतर तर इतके दिवस गप्प का बसलीस, याचंच उत्तर तिच्यापाशी उरलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या गवसणीवरची धूळ पुसायची वेळ आली की ती तोंड फिरवून पुसायची, आणि कोरड्या फडक्याने.

एका रविवारी बाळाबुवा शिवदास नावाच्या नव्या वादकाला घेऊन आले. मृदुंग पडून कुजण्यापेक्षा ह्याला देऊया, म्हणाले. गुणाजी म्हणाला, "न्या. माझ्या काय उपयोगाचो?" शिवदासने खुंटीकडे हात नेला, तेवढ्यात विमला चहाचे कप खाली ठेवून पुढे आली.

"बुवा, आधी माझा आयका. दहिसराक यांचो हात चुकलो नव्हतो. त्या दुपारी मी मृदुंग वाजवलंय. ओल्या फडक्यान पुसलंय आणि तसोच गवसणीत घातलंय. यांचा काय एक चुकला नव्हता. मंडळात सगळ्यांका सांगा. माझा नाव घेवन सांगा."

बाळाबुवांनी शिवदासला खुंटीपासून मागे बोलावलं. मग म्हणाले, "वहिनी, ह्या तेव्हाच सांगूक होया होता."

"होय," विमला म्हणाली.

गुणाजी ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला, "तीन वर्सां रोज हाताक तेल लावलंस. तेव्हा तरी सांगूक होया होता." विमला उभ्या जागी रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही.

मग त्याने मला उतरवलं. कणीक मागितली. विमलाने ती मळून नेहमीसारखी लांबून सरकवली. त्याने डावी थाप मारली आणि मी जिवाच्या आकांताने घुमलो. गुणाजीचा चेहरा उजळला. त्याने ठेका धरला, चार आवर्तनं वाजवली, आणि पाचव्याला बोटं मागे पडली. पुन्हा धरला, पुन्हा पडली. हात कुठे आवरायचा ते त्याला अजून कळत होतं. पण आवरलेला हात वेळेवर खाली येत नव्हता. तीन वर्षं न वाजवलेला हात होता तो.

"आता मात्र खरोच गेलो," तो म्हणाला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

बाळाबुवांनी मंडळात खरं ते सांगितलं. गुणाजीचं नाव निर्मळ झालं, हात मात्र परत आला नाही. हल्ली शिवदास मला वाजवतो आणि गुणाजी त्याला शेजारी बसून शिकवतो. विमला कणीक मळते. पण तिची बोटं परातीच्या काठावर ताल धरत नाहीत.

मित्रांनो, मृदुंगाला ओलं फडकं लावू नका, हे तर आहेच. पण आपली चूक दुसरा कुणी आपली म्हणून मुकाट्याने सोसताना दिसला, तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जाऊन सांगा. शिव्या खाव्या लागल्या तर खा. मी लाकूड आहे, मला बोलता येत नव्हतं, ही माझी सबब आहे. तुम्हाला ती नाही.