पाच संगणकांची तपासणी

निरपेक्ष दान हे सर्वश्रेष्ठ दान होय. वाडीतल्या महिला मंडळाच्या भिंतीवर हे वाक्य ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. त्याच भिंतीखाली, २००६ सालच्या जूनच्या मध्यावर, अध्यक्षा कुसुमावतीबाई आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत जयवंतरावांना विचारत होत्या, "पण तुम्हाला यात काय मिळतं, ते सांगा ने!"

"काही नाही."

"बघा!" बाई कार्यकारिणीकडे वळल्या.

जयवंतराव कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. निजामपुऱ्यातल्या एका कचेरीने टाकून दिलेले पाच संगणक त्यांनी घरी आणले, ब्रशने धूळ काढली, मेलेले भाग बदलले आणि संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली घातली. मंडळाचा टायपिंगचा वर्ग मुलींअभावी एक तारखेला बंद होणार होता आणि शिकवणाऱ्या निरुपमाबाईंची नोकरी जाणार होती. संगणक आले तर मुली येतील आणि ती टिकेल, एवढाच त्यांचा हेतू. पण तो सांगावा, तर निरुपमाबाई विधवा आणि आपण विधुर, हे कार्यकारिणीच्या लगेच लक्षात आलं असतं. म्हणून ते 'काही नाही' एवढंच म्हणाले.

"आत त्या कचेरीचं काही राहिलं असेल तर?"

"सगळं पुसलंय, ताई."

"पुसलंय म्हणजे काहीतरी होतं! आणि या लिनक्सचं बिल?"

"ते मोफतच असतं. कुणीही वापरावं, वाटावं."

"मफत कोण देतं हो? आमच्या मयंकने संगणकात घालायची सीडी बाजारातून पन्नास रुपये मोजून आणली. झेरॉक्सचं लेबल आहे, पण वस्तू खात्रीची!"

शेवटी पंधरा दिवसांची तपासणी ठरली. जयवंतरावांनी रोज संगणक चालवून दाखवायचा, बाईंनी शेजारी बसून नजर ठेवायची. निरुपमाबाई खुर्ची ओढून जवळ आल्या, तशा बाई म्हणाल्या, "तू लांब बस गं. नोकरी तुझी. उद्या लोक म्हणतील, हीच सामील होती."

जयवंतराव एक बटण दाबत. "हे का दाबलंत?" ते सांगत. बाईंना ते खरं वाटत नसे, त्या स्वतः दाबून बघत. फाइल कुठे जाते, गेलेली परत कशी येते, समास कसा सरकतो, सगळ्याची उलटतपासणी झाली. आठव्या दिवशी त्यांनी जयवंतरावांनाच उठवलं. "तुम्ही नसताना हे काय करतं, ते बघायचंय."

पंधराव्या दिवशी अहवाल आला. बाईंनी तो त्याच संगणकावर टाइप केला होता, मराठीत, ठळक मथळा देऊन. 'सदर गृहस्थ काहीच मागत नाहीत, यामुळे संशय बळावतो. तरी संगणक ठेवून घ्यावेत व गृहस्थांस येण्यास मनाई करावी.'

ठराव एकमताने मंजूर झाला.

जयवंतरावांनी दाराशी चपला घातल्या. "अहवाल छान झालाय, ताई. फक्त बंद करताना एकदम प्लग काढू नका."

"कळतं मला."

कळतच होतं. जयवंतरावांना फारसं वाईट वाटलं नाही. वर्ग तर वाचला होता.

वर्ग एक तारखेला सुरू झाला. कुसुमावतीबाई शिकवतात, मंडळात संगणक येणाऱ्या त्या एकट्याच. निरुपमाबाईंना कामावरून कमी केलं.