कप्तानाच्या कपाळावरचं कुंकू

सुप्रभाने ओलं फडकं कप्तानाच्या कपाळावर पुन्हा घासलं. कुंकू काही ढिम्म हललं नाही, खालचा रंगच तेवढा फडक्यावर आला. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

दर खंडेनवमीला शिवणयंत्राची पूजा करताना ती त्यालाही कुंकू लावायची. लावणार नाही तर काय! अडुसष्ट सालापर्यंत इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका शेडमध्ये बाहुल्यांच्या अंतराळ-मालिकेचं शूटिंग चालायचं, तेव्हा या हातभर कप्तानाचा गणवेश तिनेच शिवला होता. मग मालिका बंद पडली, बाहुल्या जाळायचा हुकूम निघाला. इथली वस्तू बाहेर नेणार नाही, असं सगळ्यांसारखं तिनेही लिहून दिलं, आणि त्याच संध्याकाळी कप्तानाला डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं.

पंचवीस वर्षं कुणी विचारलं नाही. आता त्या मालिकेवर सिनेमा निघणार होता, खरी माणसं घेऊन. कुणाकडे जुनं काही असल्यास कळवा, अशी पेपरात जाहिरात आली आणि लेकीने, मंजिरीने, परस्पर कळवूनही टाकलं.

"आई, मी त्यांना फोन केली. दे वेअर सो एक्सायटेड."

"माझं नाव सांगितलंस?"

"फक्त ॲड्रेस."

तेव्हापासून सुप्रभा दाराशी गाडी थांबली की पडदा सारून बघायची. चोरी ती चोरीच. पोलीस दारात आले तर? यांची एअरपोर्टवरची नोकरी गेली तर?

"चर्चच्या जम्बल सेलमध्ये जुन्या सामानात मिळाला म्हण," नवऱ्याने, शशिधरने, बजावलं होतं. "आणि पुढे तोंड उघडू नकोस."

ठरल्याप्रमाणे तीनला बेल वाजली.

सिनेमावाला तरुण होता, फार अदबीचा. त्याने कप्तानाला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर घेतलं.

"जम्बल सेलमध्ये मिळाला," त्याने काही विचारायच्या आतच सुप्रभा इंग्रजीत बोलून गेली.

तो मान डोलावत कॉलरची शिवण उलटून बघत राहिला.

"हे टाके बघा. सगळे गणवेश या एकाच हाताचे आहेत. त्या बाईंना आम्ही वर्षभर शोधतोय. सिनेमात त्यांचं नाव द्यायचंय. कोण होत्या, काही कल्पना?"

मीच ती, म्हणावं तर जम्बल सेलचं काय सांगायचं?

"नाही," ती म्हणाली. "मला नाही माहीत."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग बोट कपाळाकडे गेलं.

"पडद्यावर याच्या डोक्यावर कायम हेल्मेट असायचं. ही लाल खूण पहिल्यापासूनची का?"

तिने ओलं फडकं पाठीमागे सरकवलं.

"पहिल्यापासूनची."

तो हरखला. "सिनेमातल्या कप्तानालाही ही हवी," म्हणत त्याने खुणेचं माप घेतलं, चार फोटो काढले आणि कप्तान तिच्या हातात परत दिला.

"सांभाळा याला. बाकीचे सगळे जळाले. याला ज्याने कुणी बाहेर काढलं, त्याचे उपकारच आहेत आमच्यावर."

दार लागल्यावर शशिधर जिना उतरून खाली आला.

"पोलिसांचं काही बोलला?"

"नाही."

"सुटलो बाई."

सुप्रभाने कप्तानाची उलटलेली कॉलर अंगठ्याने सरळ केली.

"शिवणारीचं नाव हवं होतं त्यांना. सिनेमात घालायला."

"मग?"

"माहीत नाही म्हटलं," ती म्हणाली. "कुंकू तेवढं घेणार आहेत."