टेबलाच्या पलीकडची रांग

"मूल चौदा वर्षांचं झालं की त्याच्या आईला भूक लागायची बंद होते का?"

हा प्रश्न मी भर वर्गात विचारला. विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, ब्रेलिन आणि जोर्जाने, लावली होती, पण शब्द माझे होते. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. आता मी उभी राहिले की मागच्या बाकावरची पोरं कान टवकारतात, आणि खरं सांगायचं तर मला ते जाम आवडतं.

नागरिकशास्त्राच्या तासाला काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कार्यालयातल्या एक बाई आल्या होत्या, गरीब घरांना दर महिन्याला किराण्याचे पैसे देणाऱ्या सरकारी अन्नकार्डाबद्दल सांगायला. वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"कायदा मी नाही केला, बाळ. घरात चौदाच्या आतलं मूल असलं की आईला सूट. चौदा झाली की सूट संपली. मग महिन्याला ऐंशी तास काम दाखवायचं. नाही दाखवलं, तर तीन महिने कार्ड चालतं आणि मग तिचा वाटा बंद. मुलांचा चालू राहतो."

"पण कामच नसलं तर?"

"बिनपगारी सेवा चालते. चर्च, वाचनालय, कुठलीही. फक्त तिथल्या माणसाची सही आण म्हणावं तुझ्या... म्हणजे, ज्या कुणाला लागेल त्यांना."

तास संपल्यावर जोर्जा म्हणाली, "बाई गं, तू तर त्यांना रडवलंच असतंस!" मी मात्र नाचत घरी निघाले. सही! एवढंच? मी चौदाची झाल्यापासून आमचे दोन महिने उलटून गेले होते, तिसरा चालू होता, आणि उत्तर हे एवढंसं होतं!

कारण माझी आई दर मंगळवारी आणि गुरुवारी चर्चच्या तळघरात गरजूंना धान्याची खोकी वाटते. शिवाय कुणी वारलं की मयताचं जेवण तीच रांधते, म्हाताऱ्या ओसीबाईंना अंघोळ तीच घालते. तास मोजले तर ऐंशीच्या वर जातील. पण आमच्या खोऱ्यात शेजाऱ्यासाठी केलेलं कुणी मोजत नाही. मोजणाऱ्याला लोक हलका समजतात.

आई स्वयंपाकघरात बसली होती, बूटसुद्धा न काढता. डोंगरापलीकडच्या दुकानात काम मागायला गेली होती.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"आठवड्याला नऊ तास देतो म्हणाले. तेही नाताळापर्यंतच."

"बघ, मिस्टी," बाबा आईला म्हणाले, "या घरात माझी मोडकी कंबरच काय ती कामाची. डॉक्टरचा कागद आहे कंबरेकडे, म्हणून मला तरी कामातून सूट." खाणीत छत कोसळल्यापासून बाबा हा विनोद करतात. आई एरवी हसते. आज हसली नाही.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वर म्हटलं, "पाळकांच्या बायकोची, व्हर्नाबाईंची सही घे की झालं! त्या तर तुझ्या शेजारीच उभ्या असतात."

"मला ठाऊक आहे ते," आई म्हणाली.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"कार्डाच्या कार्यालयाचं पहिलं पत्र आलं तेव्हापासून."

मी बाबांकडे पाहिलं. ते बीन्सचं पातेलं ढवळत राहिले.

"मग मागत का नाहीस?"

"कशासाठी हवी, असं विचारतील त्या. आणि चर्चमध्ये कुणाला माहीत नाही कार्डाचं." तिने एक बूट काढला आणि तो हातात धरूनच बसली. "तिथं मी देणारी आहे, एम्री. तेवढी एकच जागा राहिलीय मला."

आता मला कळलं, आम्ही सामान आणायला डोंगर ओलांडून का जातो. आई म्हणायची, तिकडे भाजी ताजी मिळते.

"ते ठीक आहे गं," मी म्हटलं, "पण पुढच्या महिन्यात तुझा वाटा जाईल!"

"तुमचे दोघांचे राहतील ना. भागेल."

"चुलीवर पातेलं एकच असतं, आई."

"अगं, मला तशीही फारशी भूक नसते हल्ली."

वर्गात मी गंमत म्हणून विचारलेलं वाक्य ती अगदी सरळ चेहऱ्याने बोलत होती. बाबांनी तिला बीन्स वाढले, मक्याच्या पावाचा मोठा तुकडा ठेवला. तिने त्यातला अर्धा माझ्या ताटात सरकवला. मी तो परत तिच्या ताटात ठेवला. तिने पुन्हा सरकवला.

"खा गं, वाढतं वय आहे तुझं."

"वाढलं, म्हणूनच तर बंद होतंय!" मी ओरडले. आईचे डोळे मिटत होते, घास हातात तसाच.

"व्हर्नाबाईंना मी काही सांगू नये, असंच ना?" मी विचारलं.

"शपथ आहे तुला."

"बरं. नाही सांगणार." मी उभी राहिले, वर्गात राहते तशी. "मंगळवारी शाळा सुटली की मी तळघरात येणार आहे. तुझ्या बाजूला नाही, आई. टेबलाच्या पलीकडे, रांगेत. माझा नंबर आला की खोकं घेणार, आणि कुणाच्या घरासाठी असं व्हर्नाबाईंनी विचारलं, तर आपलं नाव सांगणार. मग सही मागायला लपवण्यासारखं काही उरणारच नाही. बाबा, तुम्ही मला अडवू नका. मी ठरवलंय."