दहावी जोडी

पाण्यात सतरा मुलं होती. प्रशिक्षिकेनं दोनदा मोजली: उथळ भागात नऊ, दोरीपलीकडे आठ. काठावर टॉवेल सतरा, चपलांचे जोडही सतरा. मग खुर्चीवर बसलेल्या मावशींनी शिट्टी फुंकली आणि प्रत्येक मुलानं आपल्या जोडीदाराचा हात धरून वर केला. आठ जोड्या झाल्या. उरलेली मुलगी कोपऱ्यात एकटीच हात वर करून उभी राहिली.

"अठरा," मावशी म्हणाल्या. "चालू द्या."

"सतरा आहेत, मावशी."

"तुझ्या हिशेबानं."

प्रशिक्षिका नवी होती, आणि मावशी या वॉर्डाच्या नगरसेविका होत्या. तीस वर्षं लोकांनी त्यांनाच निवडून दिलं होतं. तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, दाखल्यासाठी अडलेलं काम, काहीही असो, लोक थेट त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे. या तलावासाठी तर त्यांनी नगरपालिकेचे उंबरठे झिजवले होते. जोडीचा नियमही त्यांचाच, भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला: पाण्यात कुणी एकटं राहायचं नाही. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरायचा. जोडीदार नसेल त्यानं बाहेर यायचं.

पण मुलांची संख्या विषम असली, की उरलेल्या मुलाला मावशी कधीच बाहेर बोलवत नसत. "आहे त्याला जोडी," एवढंच म्हणायच्या. कर्मचारी आपसांत हसायचे. मुलं मात्र हसत नसत.

कोपऱ्यात उभी राहिलेली मुलगी रिले संघातली शेवटची जलतरणपटू होती. तिला सगळे बेडकी म्हणत. ती पाण्याबाहेर आल्यावर प्रशिक्षिकेनं विचारलं, "एकटं उभं राहायला कंटाळा नाही येत?"

"एकटं कुठं, ताई?" बेडकी हात टॉवेलात गुंडाळत म्हणाली. "फक्त हात फार गार पडतो. उद्या मी नाही, उद्या दुसऱ्या कुणाची पाळी."

प्रशिक्षिकेनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. डावा कोमट होता. उजवा बर्फातून काढल्यासारखा.

त्याच दिवशी संध्याकाळी समारंभ होता. मुलींच्या रिले संघानं याच तलावात आंतरशहर चषक जिंकला होता आणि मावशी यंदापासून निवडणूक लढवणार नव्हत्या, म्हणून दोन्ही सत्कार एकत्रच ठरले होते. दुपारी प्रशिक्षिका आणि मावशी काठावर खुर्च्या मांडत होत्या.

"उद्यापासून शिट्टी तुझ्याकडे," मावशी म्हणाल्या. "मोजशील ना त्याला?"

"कुणाला?"

मावशींनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "इथं आधी दगडाची खाण होती. पाणी भरलेली. आम्ही सगळी पोरं पोहायला यायचो. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आईनं विचारलं, तो कुठाय. तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, की एक कमी आहे. तो सापडला नाही. पुढं खाण बुजवली आणि त्यावर हे बांधलं. म्हटलं, पोरं पाण्यात जाणारच. निदान भिंती असलेल्या पाण्यात तरी जाऊ देत."

"मावशी, तुमच्या समाधानासाठी हो म्हणू शकते," प्रशिक्षिका म्हणाली. "पण मी खोटा आकडा नाही सांगणार. मला जे दिसेल तेच मोजेन."

"खरं बोललीस, बरं केलंस." मावशींनी पुन्हा खुर्ची उचलली. "पण ज्याला कुणी मोजत नाही, ते पोर कुणाचंच नसतं गं. मी गेल्यावर तो पुन्हा तसाच राहील."

संध्याकाळी काठ माणसांनी भरला. चारही मुलींना पदकं मिळाली. बेडकीनं चषक डोक्यावर पालथा घालून दाखवला. नगराध्यक्षांनी मानपत्र वाचलं, आणि म्हणाले, "मावशी या वॉर्डातल्या एकेका गटाराला ओळखतात."

"गटारंही ओळखतात त्यांना," मागून कुणीतरी म्हणालं.

"गटारांचं बरं असतं," मावशी म्हणाल्या. "निवडून आल्यावर ती ओळख विसरत नाहीत."

सगळ्यांत मोठ्यानं नगराध्यक्षच हसले. मग त्यांनी जाहीर केलं, की लवकरच तलावावर कॅमेरे बसतील, मोजणी यंत्रच करेल आणि शिट्टीची गरज उरणार नाही. आज मावशींची शेवटची शिट्टी, म्हणून जोड्यांचं प्रात्यक्षिक व्हावं.

सकाळी न आलेला मुलगाही आता आला होता. अठरा मुलं पाण्यात उतरली. मावशींनी शिट्टी फुंकली. हात वर झाले. नऊ जोड्या, एकही मूल मोकळं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथं कुणी नव्हतं. वारा नसताना तिथलं पाणी तेवढं हलत होतं.

"आज तो एकटा पडला," त्या प्रशिक्षिकेला म्हणाल्या, अगदी हळू. "नियमानं त्यानं बाहेर यायला हवं. कसा येईल?"

त्यांनी गुच्छ खुर्चीवर ठेवला, मानपत्र त्यावर ठेवलं, चपला काढल्या. तलाव बांधल्यापासून मावशींना कुणी पाण्यात पाय घालताना पाहिलं नव्हतं. त्या कठडा धरून अंगावरच्या कपड्यांनिशी पायऱ्या उतरल्या. लोकांना ती गंमत वाटली. "मावशी, रिलेत पाचव्या तुम्ही," कुणीतरी ओरडलं. कंबरभर पाण्यातून चालत त्या कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला. पूर्ण वर नाही. एखादं लहान मूल जेवढा उंच करू शकेल, तेवढाच.

मुलं हसायची थांबली. बेडकीनं आपल्या जोडीदाराचा हात घट्ट धरला.

"मॅडम, आकडा सांगून टाका," नगराध्यक्ष माइक पुढं करत म्हणाले. "चहा निवतोय."

प्रशिक्षिका काठावरून कोपऱ्यापर्यंत गेली आणि वाकली. मावशींच्या मनगटाच्या ओल्या कातडीवर चार बारीक खळगे पडले होते, एकाशेजारी एक. ती बघत असतानाच ते भरून आले आणि किंचित वर, हाताच्या तळव्याजवळ, पुन्हा पडले, आधीपेक्षा खोल. निसटू पाहणारी पकड कुणी सावरून घ्यावी तसे. मावशींची बोटं पांढरी पडत चालली होती. त्यांनी हात खाली घेतला नाही. प्रशिक्षिकेकडे पाहिलंही नाही.

तिनं सुरुवातीपासून पुन्हा मोजलं. उथळ भाग, दोरीपलीकडचा भाग, कोपरा. मग माइक हातात घेतला.

"जोड्या दहा," ती म्हणाली. "पाण्यात वीस."