न मोजणाऱ्या गिबीची होडी

सध्या मी पालथी आहे, मित्रांनो. पोट आभाळाकडे, तोंड जमिनीकडे. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या आमच्या शेटलंडच्या बेटांवर होडी म्हातारी झाली म्हणून तिला कुणी फेकून देत नाही. दगडी भिंतींवर उलटी ठेवतात आणि तिचं छप्पर करतात. माझ्याखाली मेंढ्या राहतात. स्वभावाने गरीब आहेत बिचाऱ्या, पण पावसात भिजून आल्या की असा वास मारतात, की विचारू नका! कधी पाठीवर पिशवी घेतलेला एखादा प्रवासी वाऱ्याला कंटाळून आत शिरतो, माझ्या फळ्यांवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "काय जुनी होडी आहे ही!" हो बाबा, आहे जुनी. पण जरा बस आणि माझं ऐकून घे.

मला गिबीने बांधलं. या बेटांवर झाड औषधालाही सापडत नाही, म्हणून माझं लाकूड नॉर्वेहून जहाजाने आलं. दोन्ही टोकांना निमुळती, फळीवर फळी चढवलेली अशी मी तयार झाले, तेव्हा गिबीच्या बायकोने, ओस्लाने, मला स्वतःच्या हाताने डांबर फासलं. आठवडाभर तिच्या हातांचा वास जाईना आणि आठवडाभर तिने गिबीला टोमणे मारले. मग मी कामाला लागले. मेंढ्या, टपाल, पिठाची पोती, डॉक्टर, एकदा तर एक नवरी आणि तिचा रडका बाप, असं सगळं मी वाहिलं. उन्हाळ्यात प्रवासी येत. उत्तरेकडे एक ओसाड, उभ्या कड्यांचं बेट आहे. पाखरांचं बेट म्हणतात त्याला. तिथे हजारो पक्षी अंडी घालतात. ते बघायला शहरातली माणसं जिवावर उदार होऊन माझ्यात बसत.

गिबी माणूस लाखातला, पण एका बाबतीत भारी हट्टी. तो दर्यावर काहीही मोजत नसे. मासे नाही, मेंढ्या नाहीत, माणसं तर नाहीच नाहीत. मोजलं की दर्या कान देऊन ऐकतो आणि त्यातलं एखादं मागून घेतो, अशी आमच्याकडची जुनी समजूत. गिबीचा बाप मोजत नव्हता, आजा मोजत नव्हता, मग गिबी कशाला मोजतो?

एकदा असेच प्रवासी घेऊन आम्ही पाखरांच्या बेटावर गेलो. त्यांत पक्ष्यांची चित्रं काढणारी एक अबोल बाई होती. जाताना तिला उलट्या झाल्या, म्हणून ती पुढच्या टोकाला शिडाच्या कापडाखाली अंग चोरून पडून राहिली. तिथे पोचल्यावर तीही उतरली, सगळेच उतरले, पाखरं बघत हिंडले. दुपारी धुकं यायला लागलं.

"चला, चला, पाय उचला!" गिबी ओरडला. "ते धुकं तुमच्यासाठी थांबणार नाही."

माणसं धडपडत चढली. त्यांत डंकन नावाचा एक जाडजूड दुकानदार होता. तो बोट पुढे करून म्हणाला, "एक, दोन, तीन..."

गिबीने त्याच्या हातावर फटका मारला. "बोट खाली! माणसं आहेत ही, बटाटे नाहीत."

"अहो, पण सगळे आले की नाही ते बघायला नको?"

"मला डोळे आहेत. ती बघ, तुमची चित्रवाली बाई पुन्हा कापडाखाली जाऊन झोपली. आता गप बस आणि वल्हं धर."

मित्रांनो, मला लगेच कळलं. पुढचं टोक हलकं होतं. कापडाखाली बाई नव्हतीच, नुसता दोराचा ढीग आणि तिची पिशवी होती. मी डोलले, कुरकुरले, किनारा सोडायलाच तयार होईना. गिबी मला म्हणाला, "काय झालं ग तुला आज, म्हातारे?" आणि त्याने जोर लावून मला ढकललं. फळ्यांना वाचा असती तर त्या दिवशी मी बोंब ठोकली असती.

परतल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे चहाला किनाऱ्यावरच्या गिबीच्या घरी निघाले. ओस्ला दारातच उभी होती. तिने एकेकाचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "म्युरिएल कुठाय?"

"कोण म्युरिएल?" गिबी म्हणाला.

"अरे, चित्रं काढणारी! सकाळी तिला गरम भाकरी दिली मी."

"ती होडीतच झोपलीय."

ओस्ला तशीच धावत खाली आली आणि तिने कापड उचललं. गिबीचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि पुन्हा कधी तसा पाहायला मिळू नये. भरती चढायला लागली होती. आम्ही उतरायचो ती खडकाची पायरी भरतीत पाण्याखाली जाते, आणि तिच्यावर सरळ कडा. चढायला जागा नाही.

"मी जातो," गिबी म्हणाला.

"एकटा जाऊन काय करशील? सरक तिकडे!" ओस्ला माझ्यात चढली. मागोमाग डंकनही आला. त्याने वल्हं घेतलं.

धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. पाखरांचा कलकलाट ऐकू आला तसं बेट जवळ आल्याचं कळलं. गिबी घसा फोडून हाका मारू लागला, "बाई! ओ बाई!" पण हजारो पाखरांच्या ओरडण्यात एक हाक ती काय! उत्तर येईना. लाटा मला खडकाकडे ओढत होत्या.

मग ओस्ला उभी राहिली आणि कंठ ताणून ओरडली, "म्यु-रि-एल!"

"इथे! मी इथे आहे!" डाव्या अंगाने बारीक आवाज आला.

ती पायरीच्या वरच्या चिंचोळ्या सुळक्याला बिलगून उभी होती. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. गिबीने मला नेलं ते थेट खडकावर. माझी फळी फुटली, जीव कळवळला, पण मी हटले नाही. डंकनने तिला उचलून आत घेतलं. वाटभर ओस्ला एका हाताने पाणी उपसत होती आणि दुसऱ्या हाताने तिला छातीशी धरून होती.

चुलीपुढे बसवल्यावर ती कापत कापत म्हणाली, "हाका ऐकू येत होत्या. मला वाटलं, पाखरंच ओरडताहेत. मला वाटलं, तुम्ही मला विसरलात."

गिबी खाली बघत म्हणाला, "खरंच विसरलो, पोरी. तुझं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं." आणि एवढा थोराड माणूस, पण ढसाढसा रडला.

"मोजू नकोस हवं तर," ओस्ला म्हणाली. "पण नाव तर विचारशील? नाव घ्यायला तुझ्या बापाने मनाई केली नव्हती ना?"

त्या दिवसापासून गिबी प्रत्येकाला नाव विचारूनच माझ्यात घेऊ लागला. परतताना एकेकाला हाक मारी, आणि 'आलो', 'आले' ऐकल्याशिवाय दोर सोडत नसे. डंकन दर उन्हाळ्यात येई आणि मुद्दाम गप्प बसे. गिबी चिडून ओरडे, "डंकन, मेल्या, तोंड उघड!" सगळी होडी हसे.

मग इंजिनाच्या मोठ्या बोटी आल्या. प्रवासी तिकडे गेले. माझी डागडुजी लांबली, फळ्यांत भेगा पडल्या. मी किनाऱ्यावर पडून राही आणि कुणी फिरकत नसे. वाईट वाटे, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुम्हीही कुठे कुठे हिंडाल, कडे चढाल, बेटं बघाल. खूप हिंडा. पण बरोबर आलेल्या प्रत्येकाचं नाव निघतानाच विचारून ठेवा, आणि त्या नावाला ओ मिळाल्याशिवाय परत फिरू नका. जो गप्प बसलाय, त्याला आधी हाक मारा.

मला छप्पर करायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी गिबी आणि ओस्ला मला शेवटचं पाण्यात घेऊन गेले. दोघंच. गिबी पार थकला होता. किनाऱ्याला परत लागताना त्याने सवयीने हाक दिली, "ओस्ला?"

"आले रे, समोरच तर बसलेय."

"गिबी? आलो." त्याने स्वतःच ओ दिली.

मग तो थांबला. लोक मला नुसतं 'होडी' म्हणत. बांधली तेव्हा ओस्लाने एका चपळ समुद्रपाखराचं नाव मला ठेवलं होतं, पण त्या नावाने मला उभ्या जन्मात कुणी हाक मारली नव्हती. गिबीने माझ्या फुटून जोडलेल्या फळीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "टिरिक?"

मला ओ देता आली नाही. माझ्या वतीने ओस्ला म्हणाली, "आली."