मागच्या सीटवरचं डोकं

इंदिरानगरच्या त्या कॉलनीत सकाळी आधी दूधवाला यायचा आणि त्याच्या मागोमाग धम्मपाल पगारेच्या मोटारसायकलीतून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, "अहो, हेल्मेट घाला! मी घरी वाट बघतेय!"

नवखा माणूस दचकून गॅलरीकडे बघायचा. गॅलरीत कुणीच नसायचं. आवाज यायचा तो हँडलखाली बसवलेल्या एका छोट्या डबीतून. ही डबी धम्मपालने घरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून तयार केली होती.

धम्मपाल सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. बंद पडलेली वस्तू त्याच्या हातून सुटत नसे. धडधाकट वस्तूही सुटत नाही, अशी त्याच्या बायकोची, स्नेहाची तक्रार होती. मागल्या वर्षी त्याच्या खात्यातला योगेश पाथर्डी फाट्याजवळ घसरून पडला. हेल्मेट होतं, पण पेट्रोलच्या टाकीवर! योगेश वाचला, मात्र त्याच्या डोक्याला टाके पडले. ते बघून आल्यावर धम्मपाल कामाला लागला. हेल्मेटच्या पट्ट्यात त्याने एक बारीकसा स्विच बसवला. पट्टा हनुवटीखाली लागला की गाडीला सिग्नल जाई, मगच गाडी सुरू होई. पट्टा न लावता कुणी स्टार्टर दाबला, तर गाडी ढिम्म हलत नसे आणि स्नेहाचा आवाज मात्र सुरू होई.

कॉलनीतले लोक हसले, पण त्यांना ते पटलंही. कारण आपण सगळे एकाच माळेचे मणी! हेल्मेट कोपरात अडकवायचं, चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढवायचं, पोलीस मागे पडला की पुन्हा कोपरात. डोकं आपलं आणि भीती मात्र पोलिसाची!

धम्मपालचं नाव असं झालं की बातमी थेट देवळाली कॅम्पला पोचली. त्याचा शाळेतला मित्र संघर्ष तिथे लष्कराच्या तोफखान्यात नायक होता. त्याचा फोन आला. "धम्मा, आमच्या युनिटमध्ये रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आहे. साहेबांना तुझ्या यंत्राचं सांगितलंय. दोन शब्द बोलायचे आणि यंत्र दाखवायचं. वहिनीलाही घेऊन ये."

धम्मपालला आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर त्याने आरशासमोर भाषण घोकलं. त्या दिवशी स्नेहाने नवी साडी नेसली, केसांचा छान अंबाडा घालून त्यावर गजरा माळला. धम्मपालने हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. स्नेहा मागे एका बाजूला पाय सोडून बसली आणि दोघं वडनेरच्या रस्त्याने निघाले. खड्डे आले, गतिरोधक आले, एक कुत्रं आडवं गेलं. स्नेहा प्रत्येक वेळी सीटखालची दांडी घट्ट धरत होती. धम्मपाल मनातल्या मनात भाषण म्हणत होता.

लष्करी हद्दीच्या फाटकावर सुभेदारांनी हात वर केला. छातीवर नाव होतं, गोरक्ष आहेर.

"साहेब, तुम्ही जाऊ शकता. ताईंना गाडीवरून आत नाही सोडता येणार. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नाही."

धम्मपालने गाडी बंद केली, हेल्मेट काढून हातात घेतलं आणि हसून म्हणाला, "अहो सुभेदारसाहेब, आजचा कार्यक्रम माझाच आहे! हेल्मेटवरच बोलायला आलोय मी."

"असेल की! पण आमच्या हद्दीत गाडीवर जेवढी डोकी, तेवढी हेल्मेटं. मागच्या माणसालाही सूट नाही. आमच्या साहेबांच्या बायकोलाही नाही."

धम्मपालने घड्याळात पाहिलं. आत लोक खोळंबले असणार. तो वळून म्हणाला, "स्नेहा, तू इथं झाडाखाली थांब ना जरा. मी भाषण उरकून लगेच येतो."

स्नेहा उतरली. एवढी नटूनथटून आलेली बाई फाटकाबाहेर उभी! धम्मपालने घाईघाईत हेल्मेट हातात असतानाच स्टार्टर दाबला.

"अहो, हेल्मेट घाला! मी घरी वाट बघतेय!"

सुभेदार चमकले. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग स्नेहाकडे पाहिलं. "ताई, हा आवाज तुमचा?"

"माझाच," स्नेहा म्हणाली.

"मग तुम्ही घरी कुठं आहात? तुम्ही तर यांच्या मागं बसून आलात!"

फाटकावरचा जवान फिसकन हसला. स्नेहालाही हसू आलं. पण हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"खरंच की हो," ती धम्मपालला म्हणाली. "रोज मी तुमच्या मागं बसून शाळेत शिकवायला जाते. मी पडले तर घरी वाट कोण बघणार आहे? यंत्रासाठी आवाज माझा घेतलात, डोकं मात्र तुमचं एकट्याचंच धरलंत!"

"अगं, तूच म्हणायचीस ना, अंबाडा मोडतो, केस विस्कटतात..."

"म्हणायचे. चुकलंच माझं. पण तुम्हीही हेल्मेटमध्ये उकडतं म्हणायचात. स्वतःसाठी इतका खटाटोप केलात. माझं म्हणणं मात्र एका शब्दात मान्य करून टाकलंत. का हो?"

धम्मपालने वळून आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर वडनेरचे गतिरोधक आले, ते आडवं गेलेलं कुत्रं आलं. ब्रेक जरा जोरात लागला असता तर? त्याला तर मागे वळून बघायचंही सुचलं नव्हतं. अरेरे! जगाला शहाणपण शिकवायला निघालो आणि आपलंच माणूस उघड्या डोक्याने पाठीशी बसवून आणलं!

"सुभेदारसाहेब, दोघं पायी गेलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"पायी खुशाल जा. कार्यक्रम त्या डाव्या हाताच्या इमारतीत आहे."

मग तोफखान्याच्या त्या स्वच्छ रस्त्यावरून पगारे पतिपत्नी निघाले, हा गाडी ढकलतोय आणि ही शेजारून चालतेय. पोचले तेव्हा धम्मपाल घामाघूम झाला होता. संघर्ष धावत आला. "पेट्रोल संपलं का रे?"

"पेट्रोल नाही, अक्कल संपली होती," धम्मपाल म्हणाला.

घोकलेलं भाषण त्याने केलंच नाही. यंत्र दाखवलं आणि सरळ सांगून टाकलं, "माझं यंत्र अर्धवट आहे. याला एकच डोकं दिसतं. फाटकावर आज माझ्या बायकोने त्यातली चूक काढली. ती दुरुस्त करून मी पुन्हा येईन." टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात जोरात टाळ्या मागे बसलेल्या जवानांच्या बायकांनी वाजवल्या.

परतताना दोघं आधी गाडी ढकलतच कॅम्पच्या बाजारात गेले. दुकानदाराने फुलाफुलांची, टोपीसारखी हलकी हेल्मेटं पुढे केली. "लेडीज आहेत, केस खराब होत नाहीत."

"दादा, रस्ता लेडीज-जेंट्स बघून लागत नाही," स्नेहा म्हणाली. तिने अंबाडा सोडून वेणी घातली आणि चांगलं भक्कम, मान्यतेचा शिक्का असलेलं हेल्मेट निवडलं. गजरा पर्समध्ये गेला. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचून गजरा पुन्हा माळता येतो, हे एवढे दिवस कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

पुढच्या रविवारी धम्मपालने मागच्या सीटखाली एक स्विच बसवला आणि स्नेहाच्या हेल्मेटच्या पट्ट्यातही एक. मागे कुणी बसलं की गाडी दोन पट्ट्यांची वाट बघायची. एक जरी उघडा असला, तरी गाडी जागची हलायची नाही.

खरी परीक्षा पौर्णिमेला झाली. धम्मपालची आई सुमनबाई पांढरी साडी नेसून विहारात जायला निघाल्या. मागे बसल्या आणि गाडी सुरूच होईना.

"आई, हे घाल." धम्मपालने स्नेहाचं हेल्मेट पुढे केलं.

"अरं, विहार कुठं लांब हे? आन् मला काय करायचं त्याचं? माझं झालंय आता समदं. तुम्ही पोरं जपा."

धम्मपाल गाडीवरून उतरला. आईसमोर उभा राहून म्हणाला, "आई, तू काय भाजीची पिशवी आहेस का, मागे अडकवली आणि निघालो? तू नीट घरी आली पाहिजेस. मला तू पाहिजेस."

एवढ्या वर्षांत असं सुमनबाईंना कुणी तोंडावर म्हणालंच नव्हतं. त्यांनी पदर खांद्यावर घेतला, मान पुढे केली. स्नेहाने पट्टा लावून दिला. गाडी सुरू झाली.

मंडळी, हेल्मेट घेताना आपण किती घेतो? एकच! गाडी चालवणाऱ्याचं. मागे बसते ती बायको, आई, बहीण. तिला सांभाळायला फक्त सीटखालची दांडी. यंत्र नसलं तरी चालेल, पण निघण्याआधी एकदा मागे वळून बघायला हवं. मागे बसलेलं माणूस सामान नसतं, आणि मागच्यालाही हेल्मेट सांगणारा कायदा त्याला माणूसच धरतो. आपण कधी धरणार?

विहाराच्या दारात बायका सुमनबाईंना बघून हसल्या. "काय गं सुमन, पोलिसात भरती झाली का काय?"

सुमनबाईंनी सावकाश पट्टा सोडला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "हसा गं, लय हसा. पण घरी गेल्यावर आपापल्या पोरांना विचारा, माझ्या डोक्यासाठी काय आणलंय रे, म्हणून."

हसणं थांबलं. मग त्या बायकांतल्या भागीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "दे बरं ते हेल्मेट इकडं. मला बसतंय का बघते."